बेरियम ओळखणारा रसायनशास्त्रज्ञ

अणुविखंडन म्हटलं, की ऑटो हान आणि लिझे माइटनर ही नावं आठवतात. तिसरं नाव मागेच राहतं. ते फ्रिट्झ श्ट्रासमान यांचं.

त्यांचा जन्म 1902 चा, जर्मनीतल्या बोपार्डचा. 1933 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांची संघटना नाझींच्या ताब्यात गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. नोकरीची दारं बंद झाली. हान आणि माइटनर यांनी त्यांना बर्लिनच्या संस्थेत अर्ध्या पगारावर ठेवून घेतलं.

1938 चा डिसेंबर. न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियमातून रेडियम निघालं असावं, असा अंदाज होता. ते वेगळं काढायचं तर द्रावणात बेरियम घालायचं. रेडियम त्याच्यासोबत साक्यात उतरतं, मग पुन्हा पुन्हा स्फटिक करून दोन्ही सुटी करायची. पण हे किरणोत्सारी द्रव्य काही केल्या बेरियमला सोडेना. कारण ते बेरियमच होतं! युरेनियमचा अणू दुभंगला होता. इतक्या सूक्ष्म अंशावरून काढलेला इतका अचूक निष्कर्ष म्हणजे हातातल्या कसबाची कमाल.

पुढे 1944 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हान यांना मिळालं. याचं आजही वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 1943 मध्ये, घरात लहान मूल असताना, श्ट्रासमान दांपत्याने आंद्रेआ वोल्फेनश्टाइन या ज्यू पियानोवादक महिलेला आपल्या घरात लपवलं. पकडले गेले असते, तर सगळंच संपलं असतं. श्ट्रासमान 1980 मध्ये माइन्झला वारले. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने 1985 मध्ये त्यांचा मरणोत्तर सन्मान केला.