बांगड्या फोडणारे हात

(शीव कोळीवाडा येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



रूढीपाशी पोलीस नसतात, तुरुंग नसतो. तरीही सरकारी कायद्याहून ती अधिक कसोशीने पाळली जाते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातलाच. कायदा कर्व्यांच्या बाजूला होता, गाव नव्हते.

याच मुंबईत १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. गिरणी कामगारांच्या या पुढाऱ्याने ओळखले होते की, हुकूम धर्माच्या नावाने सुटत असला तरी वस्तरा कष्टकऱ्याच्याच हातात असतो. आपण मात्र सुधारकांची नावे घेतो आणि त्या नाभिकांना विसरतो!

कोविडच्या साथीत असंख्य संसार उघडे पडले. आपल्या पश्चात पत्नीवर वैधव्याच्या प्रथा लादू नयेत, असे प्रतिज्ञापत्र करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी केले. पुढे ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरविण्यास सांगितले.

या ठरावाचे बळ कशात आहे? बांगड्या फोडणारे हात बहुधा बायकांचेच असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणींना ते मनातून नकोसे असते. प्रत्येकीला धाक असतो तो शेजारणीचा, शेजारणीला हिचा. ग्रामसभेत सर्वांसमक्ष हात वर झाले, की हा परस्परांचा धाक ओसरू लागतो. घरोघरी केलेल्या उपदेशाने हे साधत नाही.

मुंबईत ग्रामसभा नाही. या वस्तीत मूळचे कोळी आहेत, फाळणीनंतर आलेली निर्वासित कुटुंबे आहेत, पोटासाठी आलेले इतरही आहेत. सर्वांना बांधणारी एक पंचायत येथे नाही, हे एका परीने बरेच आहे. पण बाजारात टोपलीपुढे बसून साऱ्या घराचा व्यवहार सांभाळणारी बाई, नवरा गेला की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नकोशी होते. आपले कार्यकर्ते अशा घरी सर्वांआधी धावतात, तिरडी बांधतात, खांदा देतात. आत जे चालते तो ‘बायकांचा प्रश्न’ म्हणून अंगणात उभे राहतात. ‘लोकांच्या भावना’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पण ते लोक म्हणजे आपणच नव्हे काय?

म्हणून दोन सूचना मांडतो. येत्या संक्रांतीला महिला मंडळाचे हळदीकुंकू उघड्या चौकात व्हावे आणि पहिले बोलावणे विधवा भगिनींना जावे. दुसरे, झिंजाड्यांसारखे प्रतिज्ञापत्र येथील प्रत्येक विवाहित पुरुष सभासदाने पत्नीसमक्ष करावे. पहिल्या सह्या पदाधिकाऱ्यांच्या हव्यात. मसुद्याच्या प्रती या टेबलावर ठेवल्या आहेत.