निवृत्तीचा पैसा म्हणजे म्हातारपणाचा पगार
(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमातील भाषण)



मी कोणी अर्थतज्ज्ञ नाही. एका कारखान्याच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षे कारकुनी केली. फंडाचे फॉर्म भरून देणे हे माझे काम. त्यामुळे निवृत्त होणारी पुष्कळ माणसे जवळून पाहिली. त्यांच्या चुका पाहिल्या, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी चूक मी स्वतःही केली. तेवढेच सांगणार आहे.

फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून समजा 12 लाख हातात आले. जन्मात एवढी रक्कम एकदम पाहिलेली नसते. मग घरात यादी सुरू होते. लेकीचं लग्न, गावचं घर, पोराला रिक्षा, मेव्हण्याला उसने. पण जरा हिशेब करून बघा. हेच 12 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि व्याज शेकडा आठ धरले, तर वर्षाला 96 हजार, म्हणजे महिन्याला 8 हजार होतात. हा तुमचा म्हातारपणाचा पगार आहे. मी त्यातले सहा लाख लेकीच्या लग्नात घातले. आपली लग्नपद्धती साधी, पण मंडप, बँड, पंगती मला सोडवल्या नाहीत. लग्न थाटात झालं. आज दरमहा चार हजार कमी पडतात, आणि औषधाची चिठ्ठी घेऊन मला त्याच लेकीच्या दारात उभं राहावं लागतं. ती काही बोलत नाही. मलाच मान वर करवत नाही.

दुसरी चूक तरुणांची. नोकरी बदलली की पेन्शनचे पैसे काढून मोकळे! 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दरमहा पेन्शनसाठी साधारणपणे दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. मध्येच पैसे काढले की मागची वर्षे पुसली जातात. म्हणून पैसे काढू नका, जुनी नोकरी नव्या नोकरीला जोडून घ्या.

तिसरी चूक वारसाच्या नावाची. लग्नाआधी भावाचं नाव लावलेलं असतं, ते तसंच राहतं. माणूस गेल्यावर बायको पोरांना घेऊन ऑफिसच्या पायऱ्या झिजवते. असे प्रसंग मी टेबलापलीकडून पाहिले आहेत. आज घरी गेल्यावर फंड, बँक, पोस्ट, विमा, सगळीकडची नावं तपासा. आणि कागद कुठे ठेवलेत ते घरच्या बाईला सांगून ठेवा.

चौथी चूक महागाई विसरण्याची. भाव वर्षाला शेकडा सहाने वाढले, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज 8 हजारांत भागतं, पण सत्तरीत भागणार नाही. म्हणून सगळं व्याज खाऊ नका, थोडं परत ठेवत चला.

काही जण म्हणतील, "आमचा फंडच कापला जात नाही, आम्ही घरकाम करतो, कंत्राटावर आहोत." त्यांच्यासाठी 2015 पासून अटल पेन्शन योजना आहे. ती प्राप्तिकर न भरणाऱ्या 18 ते 40 वयाच्या माणसाला घेता येते. साठीनंतर दरमहा 1 हजार ते 5 हजार पेन्शन मिळते. जितक्या लवकर सुरू कराल तितका हप्ता कमी.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक भाग अडचणीच्या दिवसांसाठी ठेवायला सांगितलं आहे. आपण ते सुत्त ऐकतो, पण पगाराच्या दिवशी विसरतो. म्हातारपण ही ठरलेली तारीख आहे. तिची तयारी करणं म्हणजे लोभ नव्हे, मुलांवर ओझं न होण्याची ती सोय आहे.

माझ्यासारखी चूक या वस्तीत आणखी एका घरात झाली नाही, तरी माझं बोलणं कामी आलं असं समजेन.

नमो बुद्धाय! जयभीम!