पोरांना वर्गाबाहेर काढू नका

(रात्रशाळांत शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे परळ येथे केलेलं भाषण)



दारूवर आपल्याकडे भाषणं काही कमी झाली नाहीत. भाषण ठोकून उतरलेला वक्ता स्टेजमागं काय पितो, तेही मी पाह्यलंय. ते सोडा. आज एकच गोष्ट. पोटात पोर असताना बाईच्या अंगात गेलेली दारू, आणि ती नववी-दहावीला शिकवायची कशी.

आईच्या रक्तातली दारू वारेतून सरळ गर्भात जाते. गर्भाचं लिव्हर कच्चं, त्याला ती झेपत नाही. मेंदू तर नऊही महिने घडत असतो. मग पोर कमी वजनाचं होतं, कधी डोकं लहान, वरचा ओठ पातळ. बऱ्याचदा चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. शाळेत गेल्यावर पाढे ध्यानात राहत नाहीत, लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही. हे जन्मभराचं. इतकी चालते, असं सुरक्षित माप डॉक्टरांना सापडलेलं नाही. हातभट्टी, देशी, बिअर, गर्भाला सगळं सारखं. कमला मिलच्या आवारात आता बार आहेत. तिथली उंची वाइनही वारेतून तशीच जाते, फक्त तिथल्या बाईला कोणी बेवडी म्हणत नाही.

हे पोरांना दहा मिनिटांत कळतं. अडतं ते पुढं.

माझंच सांगते. एका रात्रशाळेत हा धडा पहिल्यांदा घेतला तेव्हा हेडमास्तर म्हणाले, पोरांना बाहेर काढा, बायकांचा विषय आहे. मी ऐकलं नाही, सगळ्यांना बसवलं. मोठा पराक्रम केल्यासारखं फळ्यावर लिहिलं, 'आईच्या चुकीमुळे मूल मंद होते.' मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "बाई, माझा भाऊ सहावीत गेला, अजून नाव लिहिता येत नाही. मग आमच्या आईनं पिली असणार." वर्ग हसला. मी गप्प. तास संपला.

दुसऱ्या संध्याकाळी त्याची आई दारात उभी. झाडूकाम करणारी बाई, गालावर वळ. पोरानं घरी जाऊन तेच विचारलं होतं, बापासमोर. आणि रोज पिणाऱ्या बापानं तिला बडवली होती. म्हणाली, "हो बाई, पिली. गटाराच्या वासानं घास उतरत नव्हता. त्यानंच आणून दिली. पोटातल्याला लागते हे मला कोणी सांगितलं होतं?"

तो मार माझ्या फळ्यावरच्या वाक्यानं दिला. वर त्या भावाचं तसं असणं दारूनंच, हे तरी कोणी ठरवलं? कावीळ, उपासमार, दिवस भरायच्या आत जन्म, कारणं पुष्कळ. ते डॉक्टर तपासून सांगेल, मास्तर नाही.

दक्षिण आफ्रिकेत केपकडे द्राक्षमळ्यांचे मालक मजुरीचा काही भाग वाइनमध्ये द्यायचे. त्याला 'डॉप' म्हणत. दारूनं गर्भातच इजा झालेल्या पोरांची जगात सर्वांत जास्त नोंद झालेल्या भागांत तो भाग येतो. तिथं चूक आईची की मळेवाल्याची? सिॲटलच्या डॉक्टरांनी १९७३ साली या आजाराला नाव दिलं. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर बायांसाठी इशारा छापतात. आपल्याकडे २०१९ पासून सक्तीचा इशारा आहे, दारू आरोग्याला घातक, पिऊन गाडी चालवू नका. सरकारला गाडीची काळजी आहे.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला बायांना सांगितलं होतं, नवरा असो की पोरगा, पिऊन आला तर जेवू घालू नका. बोट कुणाकडं होतं बघा. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शंभर बायांत एखादीच पिणारी निघाली, पुरुष मात्र अठरा-एकोणीस. मग पोरांना बाहेर काढून हा धडा सांगायचा कुणाला?

आता मी फळ्यावर लिहिते, 'घरात गरोदर बाई असेल तर घरात बाटली येणार नाही.' मग पोरांनाच विचारते, बाटली आणतं कोण? भरतं कोण? बाळंतिणीला ब्रँडी, तान्ह्याला सर्दीत दोन थेंब, हेही पोरंच बोलून दाखवतात. तेही बंद, सांगायचं. कितव्याही महिन्यात सोडली तरी फायदाच. पण जिला रोज लागते तिनं एकटीनं एकदम सोडू नये, झटके येतात. तिला दवाखान्यात न्यायचं, शिव्या न देता.

आणि तास पगाराच्या आदल्या दिवशी घ्या. पगाराच्या रात्री बाटली घरात आलेली असते.