उद्याच्या डॉक्टरांचे आजचे मन

(एका पालक मेळाव्यातील भाषणाचा संक्षिप्त भाग)



माझा भाचा तालुक्यात पहिला आला, तेव्हा त्याच्या सत्काराचे भाषण मीच केले होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्रात तो अनुत्तीर्ण झाला. रात्र रात्र जागू लागला, मेसमध्ये जाईना, फोन घेईना. मी त्याला म्हणालो, ‘‘मन खंबीर कर. आपल्या घरात कोणी असे रडत बसत नाही.’’ शब्दांवर पोट भरणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या पत्रकाराचे हे शब्द! ती चूक आज प्रथम कबूल करतो.

तो आळशी नव्हता, आजारी होता. आणि एकटाही नव्हता. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१६ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला, की सुमारे २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य वा त्याची लक्षणे आढळतात. उपचार घेणारे त्यांतले जेमतेम १६ टक्के. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ साली पंचवीस हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हाही २७.८ टक्क्यांनी मानसिक आजार असल्याचे सांगितले.

या वर्गातला जवळजवळ प्रत्येकजण आपापल्या गावचा पहिला. मागे पडण्याचा अनुभवच नसलेली ही मुले एकाएकी मागे पडतात. मराठी माध्यमातून आलेल्याला विषयाआधी इंग्रजीशी झुंजावे लागते. कुणाच्या उशाशी कर्जाचा आकडा असतो. पण सर्वांत जाचक गोष्ट निराळीच आहे. उद्या इतरांची खिन्नता ओळखणाऱ्याला स्वतःची सांगायची लाज वाटते. मानसोपचार विभाग त्याच आवारात, तपासणारे त्याचेच प्राध्यापक. दाराशी वर्गमित्राने पाहिले तर?

मी कलाशाखेचा माणूस, औषधांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. एवढे सांगतो : दोन आठवडे उदासी हटत नसेल, कशातच रस उरला नसेल, तर उपदेश न करता तज्ज्ञाकडे न्या. मरणाची भाषा निघाली, तर क्षणभरही एकटे सोडू नका. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, तेही विनामूल्य.

भाच्यावर उपचार झाले. गोळ्या काही महिने चालल्या. पुरवणी परीक्षेच्या संध्याकाळी ताईने फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो. पेपरविषयी तिने अवाक्षर काढले नाही. ‘‘जेवलास का रे?’’ म्हणाली. मग तोच बराच वेळ बोलत होता.