टायर चमकवण्याआधी धुऊन पाहा
(भाषणाचा मजकूर)



बियाणे, खत, औषध आणि पाणी यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज मात्र आपला माल शेतातून बाजारापर्यंत नेणाऱ्या चाकाविषयी बोलावयाचे आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळचा घाट चढणारी पिकअप घ्या. मका, आमचूर किंवा खताची पोती भरलेल्या त्या गाडीचा सगळा भार रस्त्यावर कुठे टेकलेला असतो? प्रत्येक टायर जमिनीला तळहाता-दोन तळहातांएवढ्याच जागेवर टेकतो. घाटाच्या वळणावर आपण, आपली माणसे आणि आपला माल या एवढ्याशा रबरावर विसंबून असतो.

आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप धुण्याची चांगली चाल आहे. परंतु धुऊन झाल्यावर अनेक जण फडक्यावर जळके ऑइल किंवा डिझेल घेऊन टायर काळेभोर करतात. अलीकडे दुकानात टायर चमकवण्याच्या बाटल्याही मिळतात आणि नव्या गाड्यांना मॅट, म्हणजे चमक नसलेल्या काळ्या रंगाच्या रिमा येऊ लागल्या आहेत. म्हणून चाक कसे धुवावे, त्याला काय लावावे आणि काय लावू नये, हे नीट समजून घेणे गरजेचे झाले आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. चमक ही टायरच्या तब्येतीची खूण नाही. टायर धुवायचा तो मुख्यतः तपासण्यासाठी.

टायर काळा का असतो?

रबराच्या झाडाचा चीक पांढरा असतो. सुरुवातीच्या काळातील टायरही फिक्या रंगाचे असत. पुढे रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी मिसळू लागले. तिने टायर मजबूत झाला, झिजणे कमी झाले आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रबराचे रक्षण होऊ लागले. शेतीत हवेचे टायर आले ते १९३२ च्या सुमारास. त्या वर्षी अमेरिकेतील अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने आपला ट्रॅक्टर रबरी टायरांवर आणला. त्याआधी ट्रॅक्टरची चाके लोखंडी असत.

टायरच्या रबरात मेण आणि ओझोनपासून बचाव करणारी रसायनेही असतात. गाडी चालताना टायर दबतो, वाकतो आणि ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात. हवेशी संयोग झाला की त्यांची तपकिरी झाक दिसते. ती झाक पाहून टायर खराब झाला असे समजू नये. ती संरक्षक द्रव्ये काम करीत असल्याची खूण आहे. उलट, महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रॉलीच्या टायरमध्ये ही द्रव्ये पुरेशी वर येत नाहीत. म्हणून न चालवता ठेवलेल्या टायरला बाजूने लवकर भेगा पडतात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. हवा थंड असली तरी उंचीवरील उन्हात अतिनील किरण सपाटीपेक्षा जास्त असतात. तेव्हा थंड हवेच्या गावीही टायरला सावली हवी.

ऑइल आणि डिझेल का लावू नये?

हे पटण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करा. पुड्यांना लावतात ती दोन रबर बँड घ्या. एक वाटीभर पाण्यात आणि एक वाटीभर डिझेलमध्ये बुडवून रात्रभर ठेवा. वाट्या मुलांपासून व विस्तवापासून दूर ठेवा. सकाळी दोन्ही शेजारी ठेवून ताणून पाहा. पाण्यातील जशीच्या तशी असेल. डिझेलमधील फुगून मऊ झालेली असेल आणि लवकर तुटेल. टायरवर आपण तेच करतो, फक्त सावकाश. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, ग्रीस, जळके ऑइल ही सारी रबर फुगवतात आणि त्यातील संरक्षक द्रव्ये बाहेर ओढतात. दोन दिवस टायर काळा दिसतो, त्यावर धूळ चिकटते आणि पुढे भेगा वाढतात.

दुसरा धोका रिमजवळचा आहे. ऑइल रिम आणि टायरच्या कडेमध्ये उतरले की टायर रिमवर घसरतो. ट्यूब असलेल्या मागच्या टायरवर नांगरटीचा जोर आला म्हणजे टायर फिरतो, रिमच्या भोकातील व्हॉल्व्ह जागीच राहतो आणि ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते. तिसरा धोका ब्रेकचा. ब्रेकच्या डिस्कवर किंवा लायनरवर तेलाचा अंश गेला तरी ब्रेकची पकड कमी होते.

धुण्याची पद्धत

१. घाट उतरून आल्या आल्या चाकावर पाणी ओतू नये. ब्रेकचे ड्रम आणि डिस्क त्या वेळी फार तापलेले असतात. एकदम गार पाण्याने ते वाकडे होण्याची किंवा तडकण्याची भीती असते. गाडी सावलीत उभी करून चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरण्याची सवय ठेवली तर ब्रेक मुळात कमी तापतात.

२. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. जाड चिखल लाकडी पट्टीने काढावा. खुरपे किंवा विळा वापरू नये.

३. आधी नुसत्या पाण्याने धुवावे. प्रेशरचा पंप असल्यास नळीचे तोंड टायरपासून किमान एक फूट दूर धरावे. धार एकाच जागी, व्हॉल्व्हवर किंवा चाकाच्या बेअरिंगच्या सीलवर धरू नये.

४. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत वाहन धुण्याचा सौम्य शाम्पू बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळावा, दुसरीत साधे पाणी ठेवावे. टायरसाठी नायलॉनचा ब्रश आणि रिमसाठी मऊ कापड वेगळे ठेवावे. टायरचा खडा रिमला लागला की ओरखडा पडतो. कपडे धुण्याची पावडर आणि सोडा वापरू नये.

५. रिमची आतली बाजू विसरू नये. तापीकाठची काळी माती तेथे ढेकळासारखी वाळते. एका बाजूला माती जास्त झाली की चाकाचा तोल जातो आणि वेगात स्टीअरिंग थरथरते. अनेकदा आपण त्यासाठी मेकॅनिककडे जातो, आणि दोष निघतो चिखलाचा.

६. शेवटी भरपूर पाण्याने साबण काढून टाकावा व कापडाने पुसावे. युरिया, इतर खते किंवा शेणखत वाहिल्यानंतर त्याच दिवशी ट्रॉलीच्या रिमा धुवाव्यात. खताचे क्षार ओल धरतात आणि लोखंड गंजवतात.

मॅट काळ्या रिमची काळजी

चकचकीत रंगाचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट असतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग अतिशय बारीक खडबडीत असतो, म्हणून त्यावर पडलेला उजेड विखुरतो आणि चमक दिसत नाही. त्यावर पॉलिश, रबिंग कंपाउंड किंवा मेण घासले की तो खडबडीतपणा जातो आणि तेवढाच ठिपका चमकू लागतो. तो पुन्हा मॅट करता येत नाही, रिम नव्याने रंगवावी लागते. म्हणून अशा रिमला सौम्य साबण, मऊ कापड आणि पाणी एवढेच पुरे. अ‍ॅसिड असलेले क्लीनर वापरू नयेत. साबण रिमवर वाळू देऊ नये, त्याचे डाग राहतात. चिकटलेले डांबर काढायचे असल्यास डांबर काढणारे द्रव कापडावर थोडे घेऊन हलक्या हाताने टिपावे आणि लगेच धुवावे.

साध्या लोखंडी रिमचा रंग उडाला असेल तर गंज पॉलिश पेपरने काढून, रेड ऑक्साइड प्रायमर देऊन, वाळल्यावर मॅट काळा रंग द्यावा. चाकाचे नट जेथे बसतात त्या खोबणीत मात्र रंगाचा जाड थर देऊ नये. नटाखालचा रंग दबून झिजतो आणि नट सैल पडतात. चाक काढून बसवल्यानंतर ५० किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून पाहावेत.

टायरला काही लावायचेच असेल तर

सणाला गाडी नीटनेटकी दिसावी असे वाटणे साहजिक आहे. त्यासाठी पाण्यात बनवलेले, पेट्रोलजन्य द्रावक नसलेले टायर ड्रेसिंग निवडावे. घेताना बाटलीवरील मजकूर वाचावा. टायर पूर्ण धुऊन वाळल्यावर स्पंजवर थोडेसे घेऊन फक्त बाजूला लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने जास्तीचे पुसून घ्यावे. न पुसलेले द्रव चाक फिरू लागले की उडते आणि मॅट रिमवर डाग पाडते. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीला ते कधीही लावू नये. तोरणमाळच्या घाटात ओल्या वळणावर निसरडा टायर म्हणजे संकटाला निमंत्रण. मोटारसायकल वळताना टायरच्या कडेवर झुकते, म्हणून तिच्या टायरला असे काहीही लावू नये.

काही न लावता नुसता स्वच्छ धुतलेला टायर वापरला तरी त्याचे आयुष्य तसूभरही कमी होत नाही.

धुतल्यावर काय पाहावे?

बाजूला टेंगूळ आले असेल तर आतील दोरे तुटलेले आहेत. असा टायर घाटात नेऊ नये, तो बदलावा. चीर असेल आणि तिच्यातून दोरे दिसत असतील तरीही तेच. नक्षीत अडकलेले खडे बोथट स्क्रू ड्रायव्हरने काढावेत. डोंगरातल्या मुरमाड वाटेवर हे खडे आत आत घुसत जातात. खिळा रुतलेला दिसला तर तो वाटेत उपसू नये, पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश जावे. जीप-पिकअपच्या खाचांत झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीवर आली की खोली १.६ मिलिमीटर उरते, म्हणजे टायर बदलण्याची वेळ झाली. पावसाळ्याच्या तोंडावर तेवढीही वाट पाहू नये.

टायरच्या बाजूवर चार आकडी मजकूर असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा. नक्षी शिल्लक दिसली तरी दहा वर्षांपुढे गाडीचा टायर वापरू नये. जुनी गाडी किंवा जुना टायर घेताना हे मुद्दाम पाहावे. फार काळाभोर चमकणारा टायर समोर आला तर आधी ओल्या फडक्याने पुसावा. चमकेखाली भेगा सहज लपतात.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी आणि व्हॉल्व्हला टोपी लावावी. हंगाम संपल्यावर ट्रॉली लाकडी ठोकळ्यांवर उचलून, टायरवर गोणपाट टाकून सावलीत ठेवावी. टायर विजेच्या मोटारी, वेल्डिंग, डिझेल आणि खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नयेत. ठिणगीतून ओझोन वायू तयार होतो आणि तो रबराला भेगा पाडतो.

मातीबरोबर येणारे शत्रू

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. टायरला चिकटलेली माती एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते आणि तिच्याबरोबर तणांचे बी व रोगाचे बीजाणूही जातात. गाजर गवताची पुण्यात १९५० च्या दशकात नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. वारा, पाणी, जनावरे यांच्याबरोबर वाहनांचाही त्यात वाटा आहे. केळीचा पनामा मर रोग तर मातीतूनच पसरतो आणि त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २०१५ साली या रोगाचा टीआर-४ हा घातक प्रकार सापडला, तेव्हा तेथील केळी बागायतदारांनी बागेच्या तोंडाशीच वाहने धुण्याची सोय केली. शहादा परिसरातील केळी उत्पादकांनी यातून बोध घ्यावा. भाड्याचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर किंवा माल न्यायला आलेली गाडी बागेत येण्यापूर्वी चाकांची माती काढून घ्यावी. त्यात कमीपणा मानू नये.

धुण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. यशवंत तलावात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ वाहने धुऊ नयेत. ऑइल आणि साबण त्याच पाण्यात उतरतात जे माणसे व जनावरे पितात. रस्त्याकडेला उंचवट्यावर मुरूम टाकून एक जागा ठरवावी, पाणी खड्ड्यात जिरू द्यावे आणि तेथे उगवलेले तण फुलोऱ्यापूर्वी उपटावे. महाशिवरात्रीच्या यात्रेला तोरणमाळला वाहनांची गर्दी होते. त्या वेळी तर याकडे विशेष लक्ष हवे.

बंधू-भगिनींनो, ट्रॅक्टरचा मागचा एक टायर घेण्यासाठी किती क्विंटल मका विकावा लागतो, हा हिशेब आपल्यालाच ठाऊक आहे. दोन बादल्या पाणी, एक ब्रश आणि अर्धा तास, एवढ्यात त्या टायरची निगा होते. येत्या खंडेनवमीला चाकाला झेंडूची माळ जरूर घाला. पण त्याआधी टायर साध्या पाण्याने धुवा, उजेडात चाक फिरवून चारही बाजूंनी पाहा आणि जळक्या ऑइलचा डबा बाजूला ठेवा.