विजेने रोप वाढते काय?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि कष्टकऱ्यांनी सतरंज्या घालाव्यात, असाच बहुतेक रिवाज आहे. आज चालकांनी तो मोडून आम्हां युनियनवाल्यांना येथे उभे केले, याबद्दल आभारी आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तेव्हा भाषा ओबडधोबड वाटली, तर सांभाळून घ्यावे.

विषय आम्ही मुद्दाम निवडला. अलीकडे मोबाईलवर चित्रफिती फिरतात. काठीला तांब्याची तार गुंडाळून शेतात रोवा. ती आभाळातली वीज ओढून घेते, पीक जोमाने येते आणि खताची गरज उरत नाही, असे त्यांत सांगतात. आमच्या हमाल आणि बांधकाम कामगारांपैकी पुष्कळांची गावाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. ते विचारतात, “हे खरे काय?” प्रश्न लहान नाही. तारेवर विसंबून कोणी खत टाकले नाही आणि पीक बसले, तर त्याचा नुसता हंगाम जात नाही, वर्ष जाते.

आता, ही कल्पना अगदीच निराधार आहे असे नाही. आपल्या भाषेत आभाळातली तीही वीज आणि तारेतली तीही वीज. कडकडाटाच्या पावसानंतर रान हिरवेगार दिसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. विजेच्या प्रचंड उष्णतेने हवेतला नत्र प्राणवायूशी संयोग पावतो आणि पावसाबरोबर थोडा जमिनीत उतरतो, हे शास्त्र मान्य करते. परंतु तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू नत्राचे हेच काम निमूटपणे, कडकडाट न करता, कितीतरी अधिक करतात. आणि कोरड्या रानाला पावसाचे पाणी मिळाले, हे तर हिरवेपणाचे पहिलेच कारण!

दुसरा आधार आचार्य जगदीशचंद्र बोस यांचा देतात. बोसांनी वनस्पतींची सूक्ष्म वाढ मोजणारे यंत्र केले आणि लाजाळूसारख्या झाडांत विद्युत्-संदेश वाहतात हे दाखविले. हे कार्य थोर आहे. पण झाडाच्या अंगात वीज खेळते, यावरून बाहेरून वीज दिल्यास झाड अधिक वाढेल, असे सिद्ध होत नाही. माणसाच्या हृदयातही वीज खेळते. म्हणून कोणी तारेला हात लावीत नाही.

मग कोणी परीक्षा घेतलीच नाही काय? घेतली, आणि पुष्कळांनी. १७४६ साली एडिंबरोमध्ये मेंब्रे नावाच्या गृहस्थाने रोपांना वीज दिली आणि ती लवकर वाढली असे सांगितले. पुढे इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने तसेच प्रयोग काळजीपूर्वक केले, तेव्हा फरक दिसेना. फिनलंडच्या लेमस्ट्रोम यांनी शेतावर तारा टांगून पीक वाढल्याचे लिहिले. इंग्लंडमध्ये सरकारी समिती नेमली गेली. १९१८ पासून १९३६ पर्यंत तिने काम केले. एका वर्षी लाभ दिसे, दुसऱ्या वर्षी दिसेना; शेवटी समिती बंद झाली. अमेरिकेच्या शेतीखात्याने १९२६ साली आपला अहवाल छापला, त्यातही भरवशाचा लाभ आढळला नाही. अगदी २०२२ साली चीनमधील संशोधकांनी वाटाण्यावर लाभ दिसल्याचे प्रसिद्ध केले आहे. म्हणजे दार कायमचे बंद झालेले नाही. परंतु पावणेतीनशे वर्षे ठोठावूनही जे सताड उघडत नाही, त्यात शेतकऱ्याने आपले बियाणे घालू नये.

पण पंडितांनी सांगितले म्हणून माना, असेही आम्ही म्हणत नाही. कारखाना तोट्यात आहे असे मालक म्हणाला, तर आम्ही ताळेबंद मागतो. येथेही तोच न्याय. आणि हा ताळेबंद आपल्या अंगणात मांडता येतो. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा आणि नोंदी एकमेकांना कळवाव्यात, हा धडा गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने या महाराष्ट्रातच घालून दिला आहे.

तीस सारख्या कुंड्या किंवा प्लॅस्टिकचे डबे घ्यावेत. माती एकाच ढिगाची, मूग एकाच पिशवीतले, पाणी एकाच मापाचे. दहा डब्यांत पेन्सिलीतली दोन-दोन शिसे खोचून ती तारांनी दीड व्होल्टच्या सेलला जोडावीत. दुसऱ्या दहांत शिसे आणि तारा तशाच, पण सेल नाही. तिसऱ्या दहांत काहीच नाही. तांब्याची तार मातीत खुपसू नये. विजेने तांबे विरघळते आणि ते मुळांना बाधते. मग जे दिसेल ते विजेचे की तांब्याचे, हे कळणार नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला तर हातच लावू नये. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने माणसे मेली आहेत.

कोणता डबा कोठे ठेवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नाहीतर आवडत्या डब्याला नकळत चांगली जागा मिळते. उंची मोजणाऱ्याला कोणता डबा कोणत्या गटातला ते सांगू नये. मोजमाप रोज वहीत लिहावे, आणि मेलेले रोपही लिहावे. मुकादमाने गैरहजर माणूस हजेरीपटातून पुसला, तर हिशेब खोटा होतो, तसेच हे आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला वीज नाही, तरीही त्यांत थोडा फरक पडेल. हा फरक नीट पाहावा. विजेच्या गटाचा फरक याहून ठळकपणे मोठा नसेल, तर विजेने काही केले असे म्हणता येणार नाही. मोठा दिसला, तर प्रयोग पुन्हा करावा. तांब्याच्या काठीचीही परीक्षा अशीच: दहा कुंड्यांत तार गुंडाळलेली काठी, दहांत नुसती काठी.

विकणारा दारी आला, तर त्याच्याशी वाद घालू नका. एवढेच विचारा, “तारेचे शेत पाहिले, त्याच्या शेजारचे, त्याच मातीचे, त्याच दिवशी पेरलेले बिनतारेचे शेत कोठे आहे?” हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. औषध, बियाणे, खत, किंबहुना पुढाऱ्यांचे आश्वासन, सर्वांना तो लागू पडतो.

वीज पीक वाढविते, याचा एक पुरावा मात्र निर्विवाद आहे: ती विहिरीवरची मोटार चालविते. ती वेळेवर आणि दिवसा मिळावी म्हणून झगडणे, हा तारेच्या काठीपेक्षा खात्रीचा उपाय आहे.

मुलांना सुटी लागली आहे. मूग स्वस्त आहे, डबे घरात आहेत. प्रयोग करा आणि पुढच्या वसंतात ती वही येथे आणा. आकडे आमच्या म्हणण्याविरुद्ध गेले, तरी ते याच व्यासपीठावरून वाचले जावेत, अशी चालकांना विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.