शरीराची शिवण



कामगार चळवळीतल्या माणसाने व्यासपीठावरून शरीरशास्त्र सांगावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण बेताचे. जे समजले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारविचारून. पण हा विषय कामगाराच्या छातीपर्यंत पोहोचतो, म्हणून तो मी मागून घेतला.

शरीर म्हटले की आपण हृदय, मेंदू, यकृत अशी मोठी नावे घेतो. त्यांना जागच्या जागी धरून ठेवतो कोण? ते काम संयोजी ऊतींचे. हाडे, सांध्यांतील कूर्चा, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, कातडीखालची चरबी, फार काय, रक्तसुद्धा याच कुळातले. यांतल्या बहुतेकांचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. शरीरातील प्रथिनांचा निदान चौथा हिस्सा या एकट्याचा. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी त्याची घडण मांडली: दोरखंडासारखे एकमेकांभोवती वळलेले तीन पेड. हा दोर नीट वळायला क जीवनसत्त्व लागते. आवळ्या-पेरूचे मोल त्यातही आहे.

हात कापला की याच धाग्याने शरीर जखम शिवते. मागे व्रण राहतो, पण हात कामाला लागतो. शिवण वेळेवर थांबते म्हणून हे साधते. ती थांबलीच नाही तर?

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, आजूबाजूला कारखान्यांची रांग होती. त्यांत ॲस्बेस्टॉसचे काम चाले. कुठे सिमेंटचे पत्रे, कुठे ब्रेकची अस्तरे. ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. तो श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊन रुततो. रक्तातून आलेल्या रक्षक पेशी त्याला गिळू पाहतात. तो पचत नाही, कुजत नाही. दाह चालूच राहतो आणि शरीर जखम समजून कोलॅजेन विणत राहते. लवचिक फुप्फुस ताठर होते, वायुकोशांची भिंत जाड होते, प्राणवायू रक्तात पोहोचेनासा होतो. हाच ॲस्बेस्टॉसिस. एकदा झालेला व्रण कोणत्याही औषधाने विरत नाही. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, आणि विडी ओढणाऱ्याला तो कितीतरी अधिक. मुंबईतल्या अशाच एका कारखान्यातील १८१ कामगारांच्या तपासणीचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांत पाचांतल्या सुमारे एकाला हा रोग आढळला.

मंडळी, यातली खरी मेख काळाची आहे. धूळ आज छातीत जाते आणि धाप लागते बहुधा वीस-पंचवीस वर्षांनी. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो, कारखान्याच्या जागी कदाचित इमारत उभी असते. डॉक्टर क्षयाचा संशय घेतात, कारण पूर्वीच्या कामाचे कोणी विचारत नाही आणि रोगीही सांगत नाही. मग भरपाई मागायची कोणाकडे, आणि कशाच्या आधारावर?

याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात केला. अशा प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत ठेवावी, असा आदेश दिला. निकाल मोलाचा आहे. पण मालकाच्या कपाटातली नोंद कामगाराच्या हाती आपोआप येत नाही. ती मागावी लागते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या घरात, चाळीत कोणी अशा कारखान्यात राबले असेल, तर त्यांचे हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, विमा योजनेचे कार्ड, जुने एक्स-रे रद्दीत घालू नका. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आजाराआधी कामाची हकीकत सांगा. नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनीही ती सांगावी, कारण ती धूळ त्यांच्याही श्वासात गेलेली आहे. आणि छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे स्वतः फोडू-कापू नका. अखंड पत्र्यापेक्षा फुटक्याची धूळ घातक.

शरीर आपली शिवण थांबवू शकत नाही. धूळ मात्र माणसाला थांबवता येते. ते काम आपले आहे.